गायरान बंद करायचं, पेटवायचं की झाडं लावायची? सोलापूरच्या माळावर चराई, आग आणि पाऊस

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावाला साठेक एकर गायरान आहे, सगळा मुरमाड माळ. ग्रामसभेत तीन तट पडलेत. एक म्हणतो, चराईबंदी करा आणि झाडं लावा. दुसरा म्हणतो, दरसाल उन्हाळ्यात पेटवून द्या, म्हणजे पावसाळ्यात गवत जोमानं फुटतं. तिसरा म्हणतो, पाऊसच नाही तिथं काहीही केलं तरी फरक पडत नाही. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंय की चराई, आग आणि पाऊस यांतलं कोण माळाचं रूप ठरवतं, आणि गावानं नेमकं काय करावं.

मी कुरणविकासाच्या कामात पंचवीसएक वर्षं काढली. त्यातली बहुतेक मोहोळ, करमाळा, सांगोला आणि तुमच्याच तालुक्यात. माझ्या मते तिसऱ्या तटाचं निदान बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकला. पहिल्या दोघांचं निदानच चुकलंय. कसं ते सांगतो, उत्तर लांबेल.

आधी पाऊस, कारण वरची मर्यादा तोच घालतो. आफ्रिकेतल्या सव्हानांचा, म्हणजे गवतात विरळ झाडं असलेल्या प्रदेशांचा, एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठशेहून जास्त ठिकाणची आकडेवारी एकत्र केली होती. निष्कर्ष असा, की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची गर्दी किती होणार हे पाऊसच ठरवतो. चराई, आग काही नसलं तरी झाडं एकमेकांना भिडून रान बंद होत नाही. ६५० च्या वर मात्र पाणी जंगलाला पुरतं, आणि तिथं गवत टिकतं ते आगीमुळे आणि जनावरांमुळे. आपल्या जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. पूर्वेला अक्कलकोटकडे थोडा जास्त, पश्चिमेला सांगोला-माळशिरसकडे कमी. म्हणजे आपण त्या रेषेच्या खाली आहोत. आफ्रिकेचा आकडा इथं जसाच्या तसा बसवू नये हे खरं, पण माळावर झाडं कमी दिसतात म्हणून कुणीतरी पूर्वी जंगल तोडलं असणार, हा समज सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

त्यातही पाऊस एकटा नसतो, जमीन त्याच्या जोडीला असते. तुमच्याच शिवारात बघा. ओढ्याच्या अलीकडचं काळं रान आणि पलीकडचा माळ, दोन्हींवर पाऊस तोच पडतो. काळीत तो साठतो, म्हणून हस्ताच्या ओलीवर मालदांडी ज्वारी थंडीभर उभी राहते. माळावर दोन वितींखाली मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ कच्चा दगड लागतो, त्याखाली कातळ. पाणी साठायला जागाच नाही. गवताची मुळं त्या दोन वितींत दाट जाळं विणून पडलेलं पाणी पटकन पिऊन टाकतात. झाडाला खोल पाणी हवं, ते फक्त कातळाच्या भेगेत मिळतं. माळावर एखादं हिवर किंवा बोर एकटंच उभं दिसतं ना, त्याखाली बहुतेक भेग असते. विहीर खणणारी जुनी माणसं हे आपल्यापेक्षा आधी ओळखून होती.

पावसाची सरासरी मात्र फसवी. माळाला किती पडला यापेक्षा कधी पडला याचं महत्त्व जास्त. मृगाला चांगला पडतो, माळ आठ दिवसांत हिरवागार. मग आर्द्रा-पुनर्वसूत उघडीप, कधी तीन आठवडे तर कधी महिना. ज्या गवतांचं आयुष्य एकाच पावसाळ्याचं, ती या उघडिपीत बी न धरताच वाळून जातात. बहुवर्षायू गवतं, म्हणजे मारवेल, पवन्या, डोंगरी, ही पानं मिटवून बसतात आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात पुन्हा उठतात. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा, आणि माळावरच्या चांगल्या गवताचं बी त्या पावसावर पिकतं. म्हणून एखाद्या वर्षी एकूण पाऊस कमी होऊनही गवत छान निघतं, आणि सरासरी गाठलेल्या वर्षी माळ उजाड राहतो. तिसऱ्या तटाला हे सांगा. पाऊस आपल्या हातात नाही, पण तो पडेल तेव्हा त्याला वापरणारी मुळं जमिनीत शिल्लक असावीत की नाही, हे आपल्याच हातात असतं. आणि ते चराईवर ठरतं.

आता चराई. इथं जरा थांबतो, कारण तुमच्या गावाचा खरा प्रश्न हा आहे.

गवताचा वाढीचा डोळा अगदी जमिनीलगत असतो. झाडाचा शेंडा खुडला की त्याची वाढ अडते, गवताचं पान वरून खाल्लं तरी ते खालून पुढे सरकतं, शिवाय बुडातून नवे फुटवे येतात. कोट्यवधी वर्षं गवत आणि चरणारी जनावरं बरोबरीनं वाढलीत, त्यामुळे चराई म्हणजे माळाचा नाश हे काही खरं नाही. प्रश्न वेळेचा आहे. पहिल्या पावसानंतर बहुवर्षायू गवत जी दोन-तीन पानं फेकतं, ती मुळांत साठवलेल्या शिधोरीवर. मुळं ही त्याची कणगी. पानं मोठी होऊन कणगी परत भरायला लागेपर्यंत चार-पाच आठवडे जातात. नेमक्या त्याच दिवसांत, उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरं आपण माळावर सोडतो. पहिली पानं गेली, कणगीतून पुन्हा काढा, तीही गेली. मुळं आखूड होतात, आणि मग उघडीप आली की तो ठोंब मरतो. मरतो तेव्हा दोष पावसावर जातो.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण डोळ्यांनी दाखवलं ते एका धनगर म्हाताऱ्यानं. कारंब्याच्या पुढे एका माळावर मी लोखंडी चौकट टाकून गवताचे ठोंब मोजत बसलो होतो. मृग पडून बारा दिवस झालेले. म्हातारबा काठी टेकून शेजारी उकिडवे बसले, दोन बोटांत एक ठोंब धरला आणि हलकेच ओढला. मुळासकट हातात आला, मुळांना ओली माती चिकटलेली. मग पलीकडचा जाडसर ठोंब ओढला, तो पातींवर तुटला. म्हणाले, "सायेब, ह्यो तुटतुया, त्यो उपटतुया. उपटतुया तवर मेंढरू घालू नये. मेंढराचं तोंड माझ्या बोटागतच हाय." त्यांच्या मेंढ्या त्या दिवशी ओढ्याच्या बांधावर हरळी खात होत्या. माळाकडे त्यांनी वळवल्याच नव्हत्या. मी पिशवीत कोरे तक्ते घेऊन आलो होतो, त्यात या परीक्षेला रकाना नव्हता. नंतर केला.

सतत चुकीच्या वेळी चराई होत राहिली की माळ एका ठरावीक वाटेनं उतरतो. आपल्या दख्खनच्या कोरड्या माळांचं मूळ गवत पवन्या आणि मारवेलीच्या कुळातलं. देशभरच्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी १९७३ साली झाली, त्यात आपला पट्टा या दोन कुळांच्याच शास्त्रीय नावांनी, सेहिमा-डायकँथियम म्हणून, नोंदलेला आहे. जनावरं आधी हीच खातात, कारण ती गोड. ती संपत आली की कुसळी पसरते. कुसळी फुलोऱ्याआधी चांगला चारा, पण नंतर जनावर तिला तोंड लावत नाही. त्याच्याही खाली गेलं की अरिस्टिडा, म्हणजे ते वीतभर, तीन काट्यांचं, पिवळट, केसासारखं गवत, ज्याला लोक नुसतं कुसळ म्हणतात. आणि सगळ्यात खाली उघडा मुरूम, टाकळा आणि तरवड. तरवडाला जनावर लागत नाही, त्यामुळे तो सुखानं पिवळा फुलतो. माळावर तरवड फार दिसला की मी जनावरांचा हिशेब विचारायला लागतो.

कुसळीचं एक कौतुक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दिवाळीनंतर माळावरून फिरून आलात की मोज्यात कुसळं रुततात. त्यातलं एक काढा, तळहातावर ठेवा आणि त्याच्या शेपटीला ओलं बोट लावा. शेपटी हळूहळू पीळ सोडत गोल फिरायला लागते. वाळली की उलटी फिरते. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस. रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ते फिरत फिरत स्वतःला जमिनीत गाडून घेतं. त्याच करामतीनं ते मेंढीच्या कातड्यात आणि ओठातही घुसतं. जमिनीत गेलेलं बी वरून आग गेली तरी वाचतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या तटाला उत्तर देताना लागेल.

चराईबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी पूर्वी नव्हती. पूर्वी दुष्काळ पडला की जनावरं मरत, विकली जात किंवा लांब जात. माळाला आपोआप विसावा मिळे. जनावरं वाढायला पुढची काही वर्षं लागत, तोवर गवत सावरलेलं असे. आता उजनीच्या पाण्यावरच्या उसाचं वाढं आहे, पेंड आहे, आणि २०१२-१३ सारख्या वर्षात चारा छावण्या. जनावर वाचतं, ते वाचायलाच हवं, माझं त्याबद्दल भांडण नाही. पण पुढच्या मृगाला पहिला पाऊस पडताच छावणीतली सगळी दावण एकाच दिवशी माळावर येते, नेमकी गवत सगळ्यात अशक्त असताना. माझ्या अंदाजानं १९७२ च्या दुष्काळापेक्षा अलीकडच्या छोट्या दुष्काळांनी माळाचं बूड जास्त हललंय. याचा पुरावा माझ्याकडे तक्त्यांत नाही, डोळ्यांसमोर आहे.

आता आग. आग आणि मेंढी एकाच ताटात जेवतात. मेंढीनं खाल्लं तर आगीला उरत नाही, मेंढीला बंदी केली तर सगळं ताट आगीपुढे. याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण टांझानियातलं सेरेंगेटी. तिथं गुराढोरांकडून आलेल्या बुळकांडी रोगानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्डबीस्ट नावाची हरणवर्गीय जनावरं मोठ्या प्रमाणावर मेली. पुढे गुरांना लस टोचून रोग आटोक्यात आला आणि १९६० च्या दशकापासून त्यांची संख्या काही लाखांवरून दहा लाखांच्या पुढे गेली. त्यांनी गवत खाऊन टाकलं, आगी कमी झाल्या, आणि आगी कमी झाल्या म्हणून झाडं वाढली. म्हणजे गवत खाणाऱ्या जनावरानं झाडं वाढवली. ग्रामसभेत हे सांगून बघा, कुणी पटकन मानणार नाही.

झाडावर आगीचा परिणाम कसा होतो हे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून तपासताहेत. वेगवेगळे तुकडे आखून काही दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी जाळायचे, काही अजिबात नाही. तिथं दिसलं असं की आगीनं झाडांची संख्या फारशी घटत नाही, त्यांची उंची घटते. रोप जळतं, बुडातून फुटतं, परत जळतं. गुडघ्याएवढंच राहतं, पण खाली मूळ मनगटाएवढं जाड. आपल्याकडे बोरीच्या झुडपांत हे बघायला मिळतं. चार वर्षं आग चुकली की ते झुडूप आगीच्या जिभेच्या वर जातं आणि मग त्याला काही होत नाही.

दरसाल पेटवलं की गवत जोमानं येतं, या समजुतीत तथ्य किती? थोडं आहे. जुन्या वाळक्या गवताचा थर साचला की बुडातल्या डोळ्यांना ऊन मिळत नाही, ठोंब मधून करडा पडून मरतो. तो थर गेला की फुटवा जोरात येतो. पण लोक समजतात ते खत राखेचं, आणि तिथं गफलत आहे. नत्र धुरातून उडून जातं. राहिलेली राख चैत्र-वैशाखाचा वारा नेतो, उरलेली वळवाच्या सरीत वाहून ओढ्याला जाते. शिवाय ज्या माळावर जनावरं चरतात तिथं जाळण्यासारखा थरच नसतो. गवताचे ठोंब सुटे सुटे असतील तर आग एकातून दुसऱ्यात जातसुद्धा नाही. म्हणजे जिथं आग लागू शकते तिथंच तिचा थोडा उपयोग, आणि तोही तीन-चार वर्षांतून एकदा, तुकड्या-तुकड्यानं. दरसाल सगळा माळ पेटवलात तर जे बी जमिनीत शिरून बसलंय तेच पुढे सरसावतं. म्हणजे कुसळी. पेटवून तुम्ही मेंढीच्या तोंडात काटे पेरता. शिवाय उन्हाळ्यात टिटव्या, चंडोल, धाविक जमिनीवरच अंडी घालतात, त्यांचा प्रश्न वेगळाच.

आणि संपूर्ण बंदी घातली तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलोय. मोहोळ तालुक्यातल्या एका गावी आम्ही तीस एकराला चर खणून, काटेरी कुंपण घालून चराई पूर्ण बंद केली. पहिली दोन वर्षं कौतुक झालं, पाहुणे आणून दाखवलं. तिसऱ्या वर्षी गवत मांडीला लागलं. चौथ्या वर्षी ठोंबाच्या मधलं गवत करडं पडायला लागलं, पण ते कापून न्यायचं का, किती न्यायचं, यावर गावात भांडण लागलं आणि कुणीच नेलं नाही. पाचव्या वर्षी फाल्गुनात रस्त्याकडून कुणाच्या तरी बिडीनं आग लागली. दोन तासांत तीस एकर गेलं. गवत पाच वर्षांचं साचलेलं, म्हणून आग अशी तापली की बुडंसुद्धा भाजली. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आणि आर्द्रात जो एकच जोराचा पाऊस झाला त्यानं उघडा मुरूम धुऊन चरात भरला. दोष माझा होता. कुंपण कसं घालायचं याचा आराखडा मी दहा पानं केला होता, गवत कोण आणि केव्हा खाणार याचा अर्धं पानसुद्धा नाही.

झाडांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यात वाद वाढतो. माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे झाडं लावायची जागा, हा हिशेब इंग्रजांच्या काळातल्या महसुली दफ्तरातून आला आणि अजून गेलेला नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते या उघड्या गवतासाठी. माळढोक आता दिसेनासाच झालाय, पण काळवीट, लांडगा, खोकड यांनाही लांबवर नजर जाणारी मोकळी जमीन लागते. गिरिपुष्प आणि सुबाभळीच्या रांगा लावलेले माळ मी पाहिलेत. खड्डे खणताना दोन वितींची माती उलटीपालटी झाली, गवत गेलं, आणि झाडं ना मोठी झाली ना मेली. वेडी बाभूळ तर लावायचीही गरज नाही. १८७७ साली भारतात आलेली ही बया शेळीच्या पोटातून स्वतःच पेरली जाते. चराईनं गवत खरडलं की जे पाणी गवत वरच्यावर पीत होतं ते खाली झिरपतं आणि तिच्यासारख्या खोल मुळांच्या झुडपांना मिळतं. म्हणून अति चरलेल्या माळावर आधी ती येते. तिला रोखायचं तर गवत जाड ठेवा, आणि दोन वर्षांच्या आतलं रोप मुळासकट काढा. नुसतं तोडलंत तर एकाची दहा होतात.

तुमच्या साठ एकरांचं मी काय करेन ते सांगतो. वीस-वीस एकराचे तीन भाग, दगडी खुणांनी आखलेले. तारेचं कुंपण नको, पैसे जातात आणि तार चोरीला जाते. एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद, म्हणजे बी पिकून गळेल. दुसरा भाग पोळ्यापर्यंत बंद, नंतर उघडा. तिसरा, सगळ्यात खराब नसलेला, पावसाळाभर उघडा, कारण जनावरं कुठं तरी जायलाच हवीत. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. दिवाळीनंतर बंद भागातलं गवत विळ्यानं चार बोटं बूड ठेवून कापून वाटून घ्या किंवा चारा. साचू देऊ नका, म्हणजे पेटवायचा प्रश्न उरत नाही. झाडं हवीच असतील तर ओढ्याकाठी बोर, हिवर, लिंब लावा, माळाच्या पाठीवर नको. आग कुणी लावायचीच नाही. गायरानाला लागून वनखात्याची जमीन असेल तर तिथं आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, तोही विसरू नका.

बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांना मात्र या ठरावात पहिल्या दिवसापासून बसवा. ते तुमच्या शेतात मेंढ्या बसवून खत देतात तेव्हा गावाला चालतात आणि गायरानात दिसले की चालत नाहीत, असं करून कुठलंही वेळापत्रक टिकलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांना माळ कधी उपटतो आणि कधी तुटतो हे तुमच्या समितीपेक्षा जास्त कळतं.

सुरुवात या मृगालाच करा. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की तिन्ही भागांत प्रत्येकी दहा जागी बसून दोन बोटांत ठोंब ओढा आणि किती तुटले, किती उपटले ते वहीत लिहा. दहातले आठ तुटेपर्यंत पोळ्याची तारीख आली तरी दुसरा भाग उघडू नका. त्याच दिवशी प्रत्येक भागात एका खुणेच्या दगडावर उभं राहून एकाच दिशेचा फोटो काढून ठेवा. दिवाळीत पुन्हा तोच. कुठल्या भागात पवन्या परत येतेय आणि कुठे तरवडच वाढतोय, ते मला कळवा.